शांत वर्ग आणि शिकणारा वर्ग : ‘दिवास्वप्न’, ‘शाळा’ व ‘दहावी फ’ या कलाकृतींतील वर्गव्यवस्थापनाची चिकित्सा

प्रस्तावना

माध्यमिक शाळेत नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाला पहिल्या महिन्यात सर्वाधिक छळणारा प्रश्न विषयज्ञानाचा नसतो, तर वर्गाचा असतो. पदवीला मराठी किंवा गणित उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेला तरुण साठ मुलांसमोर उभा राहिला की आपला आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचेल की नाही, याच चिंतेत तास संपवतो. शिक्षणशास्त्रात या प्रश्नाला ‘वर्गव्यवस्थापन’ असे नाव आहे. व्यवहारात मात्र त्याचा अर्थ ‘वर्ग शांत ठेवणे’ एवढाच घेतला जातो. हे दोन अर्थ एकच आहेत काय, आणि नसतील तर त्यांच्यातील अंतर कोठे दिसते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या प्रश्नाचा विचार शिक्षणशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांतून पुष्कळ झालेला आहे. येथे तो तीन कलाकृतींच्या आधारे करावयाचा आहे : गिजुभाई बधेका यांचे मूळ गुजराती ‘दिवास्वप्न’, मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) ही कादंबरी आणि सुमित्रा भावे–सुनील सुकथनकर यांचा ‘दहावी फ’ (२००२) हा चित्रपट. ‘दिवास्वप्न’ अनुवादाच्या रूपाने मराठी शिक्षकांच्या वाचनात दीर्घकाळ आहे, म्हणून त्याचा येथे समावेश केला आहे. या तिन्ही कलाकृतींचे कौतुक भरपूर झाले आहे आणि ते योग्यही आहे. परंतु नवशिक्षकाने या कलाकृतींतून नेमके काय घ्यावे, आणि त्या कोणत्या ठिकाणी त्याला एकटे सोडतात, याची तपासणी अपुरी राहिली आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. कन्नडसारख्या तालुक्याच्या महाविद्यालयातून बाहेर पडणारे अनेक पदवीधर बी.एड. करून याच परिसरातील शाळांत शिकवू लागतात. म्हणून हा प्रश्न केवळ अध्यापक महाविद्यालयांचा नाही, आपलाही आहे.

क्रमिक पुस्तकातील वर्ग

कलाकृतींकडे वळण्यापूर्वी नवशिक्षक कोणत्या तयारीनिशी वर्गात येतो, हे पाहणे आवश्यक आहे. आपल्याकडील बी.एड. अभ्यासक्रमात सूक्ष्म अध्यापनाला फार काळ मध्यवर्ती स्थान राहिले. १९६० च्या दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित झालेल्या या तंत्राचे जे भारतीय रूप रूढ झाले, त्यात सहा मिनिटे अध्यापन, सहा मिनिटे प्रत्याभरण, बारा मिनिटे पुनर्नियोजन, सहा मिनिटे पुनर्अध्यापन आणि सहा मिनिटे पुन्हा प्रत्याभरण असे छत्तीस मिनिटांचे चक्र असते. समोर पाच ते दहा ‘विद्यार्थी’ बसलेले असतात आणि ते बहुधा सहाध्यायी छात्राध्यापकच असतात. हे विद्यार्थी गोंधळ करीत नाहीत, उशिरा येत नाहीत, पुस्तक विसरत नाहीत, खिडकीबाहेर पाहत नाहीत. प्रश्न विचारण्याचे, फलकलेखनाचे किंवा उद्दीपन बदलाचे कौशल्य या व्यवस्थेत घडू शकते. वर्ग सांभाळण्याचे कौशल्य मात्र घडू शकत नाही, कारण येथे सांभाळावा असा वर्गच नसतो.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी बी.एड. दोन वर्षांचे केले आणि वीस आठवड्यांच्या शालेय आंतरवासितेची तरतूद केली. ही सुधारणा निःसंशय स्वागतार्ह होती. तथापि आंतरवासितेतही छात्राध्यापक हा वर्गाचा पाहुणाच असतो. हजेरीपत्रक दुसऱ्याचे, परीक्षेचे गुण दुसऱ्याच्या हातात आणि मागे बसलेल्या मार्गदर्शकाचा धाक उसना. मुले हे चटकन ओळखतात. त्यामुळे नवशिक्षकाला खरा वर्ग पहिल्यांदा भेटतो तो नेमणुकीच्या दिवशीच.

‘दिवास्वप्न’ : फसलेला पहिला दिवस

भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालशिक्षणाचे प्रयोग करणाऱ्या गिजुभाईंनी (१८८५–१९३९) ‘दिवास्वप्ना’त लक्ष्मीराम नावाच्या शिक्षकाच्या मुखातून एका वर्षाची कथा सांगितली आहे. शिक्षणाधिकाऱ्याकडून त्याने प्राथमिक शाळेतील चौथीचा वर्ग प्रयोगासाठी मागून घेतला आहे. पहिल्या दिवसाची त्याची योजना तयार आहे. आधी शांततेचा खेळ, मग स्वच्छतेची पाहणी, मग पुढचे सारे. प्रत्यक्षात शांततेच्या खेळातच मुले आरडाओरडा करू लागतात. खोली अंधारी केल्यावर तर गोंधळाला ऊतच येतो. शेवटी लक्ष्मीराम मुलांना सुटी देऊन टाकतो आणि त्याबद्दल मुख्याध्यापकांचा रोष ओढवून घेतो.

शिक्षणविषयक लेखनात हा प्रसंग असामान्य आहे. सुधारणावादी शिक्षक पहिल्याच दिवशी सपशेल अपयशी ठरतो, आणि तेही त्याच्या स्वतःच्या सद्हेतूमुळे. त्याने छडी उगारलेली नाही, तरीही वर्ग हाताबाहेर गेलेला आहे. प्रेम आणि सद्भावना यांनी वर्ग आपोआप मार्गी लागतो, या भाबड्या समजुतीला गिजुभाईंनी पहिल्या काही पानांतच छेद दिला आहे. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीराम गोष्ट सांगतो आणि वर्ग स्थिर होतो. या प्रसंगाचा सर्वसाधारण अर्थ ‘गोष्ट सांगितली की मुले रमतात’ असा लावला जातो. तो अपुरा आहे. पहिल्या दिवशी शिक्षकाने शांततेची मागणी केली होती, पण शांत राहून मुलांना मिळणार काय, याचे उत्तर त्याच्यापाशी नव्हते. दुसऱ्या दिवशी ऐकण्यासाठी शांत राहणे ही मुलांचीच गरज झाली. पुढे हजेरी, बसण्याची रचना, क्रम या सर्व गोष्टी गोष्टीच्या ओढीला बांधून तो हळूहळू वर्गात आणतो. म्हणजेच व्यवस्था आशयाच्या मागून आली. नवशिक्षकाने ‘दिवास्वप्ना’तून घ्यावयाचा धडा हा आहे.

परंतु माध्यमिक शिक्षकाच्या दृष्टीने या ग्रंथाची मर्यादाही येथेच आहे. लक्ष्मीरामकडे पूर्ण दिवस आहे, एकच वर्ग आहे, दहा वर्षांच्या आसपासची मुले आहेत आणि पाठीशी अधिकाऱ्याची परवानगी आहे. माध्यमिक शाळेत तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा असतो. घंटा झाली की शिक्षक बदलतो, एकाच दिवशी आठवी ‘ब’ पासून दहावी ‘अ’ पर्यंत पाच-सहा वर्ग त्याच्या वाट्याला येतात आणि शालान्त परीक्षेचा अभ्यासक्रम मानगुटीवर बसलेला असतो. गोष्ट रंगात येईतो घंटा होते. गिजुभाईंचे तत्त्व येथे लागू पडते, पण त्यांची पद्धत जशीच्या तशी उचलता येत नाही. तत्त्व आणि पद्धत यांतील हा फरक न सांगता ‘दिवास्वप्न’ नवशिक्षकाच्या हाती देणे म्हणजे त्याला निराशेच्या वाटेवर नेऊन सोडणे होय.

‘शाळा’ : मागच्या बाकावरून दिसणारा शिक्षक

मिलिंद बोकील यांच्या कादंबरीत दृष्टिकोन पूर्णपणे उलटा होतो. नववीत शिकणारा मुकुंद जोशी हा येथे निवेदक आहे. काळ आणीबाणीचा, म्हणजे १९७५–७६ चा आहे. कोवळ्या वयातील प्रेमाची कादंबरी म्हणून ती लोकप्रिय झाली आणि पुढे तिच्यावर चित्रपटही निघाला. तथापि वर्गव्यवस्थापनाच्या अंगाने वाचली असता ती वेगळेच काही सांगते. शिक्षक वर्गाचे निरीक्षण करतो, असे आपण मानतो. ‘शाळा’ वाचताना जाणवते की वर्ग त्याहून कितीतरी बारकाईने शिक्षकाचे निरीक्षण करीत असतो. कोण मनापासून शिकवतो, कोण वेळ काढतो, कोणाचा राग खरा, कोणाचा नुसता आवाज, याचा अचूक हिशेब मुलांपाशी असतो. शिक्षकांना पडणारी टोपणनावे हा त्या हिशेबाचा निकाल असतो.

या कादंबरीतून दुसरी गोष्ट पुढे येते ती अशी, की शिक्षकाला दिसणाऱ्या वर्गाच्या आत आणखी एक वर्ग असतो. त्याचे नियम, निष्ठा, गुप्त खुणा, भांडणे वेगळी असतात. मुकुंद व त्याचे मित्र ज्या अर्धवट बांधलेल्या इमारतीत जमतात, तेथे त्यांचे खरे जगणे चालते. शाळेच्या तासाला त्या जगण्याची फक्त सावली पोहोचते. तासाला मागच्या बाकावर उठलेली खसखस नवशिक्षकाला आपली टिंगल वाटते. पुष्कळदा तिचा त्याच्याशी काहीही संबंध नसतो. हे कळले तर त्याचा निम्मा संताप आपोआप ओसरेल आणि संतापाच्या भरात दिलेल्या निम्म्या शिक्षाही टळतील.

आणीबाणीची पार्श्वभूमी ही येथे केवळ काळ सांगण्यापुरती नाही. त्या काळाला ‘अनुशासन पर्व’ म्हटले गेले होते. देशभर शिस्तीचा उद्घोष चालू असताना नववीच्या वर्गातील शिस्तीचे चित्र शेजारी ठेवल्याने, वरून लादलेली शांतता म्हणजे संमती नव्हे, हा अर्थ कादंबरी न बोलता व्यक्त करते. ही तिची मोठी ताकद आहे.

मात्र ‘शाळा’लाही मर्यादा आहेत. निवेदक हुशार, वाचणारा, मध्यमवर्गीय घरातील मुलगा आहे. वर्गातील भाषा त्याची घरचीच भाषा आहे. ज्याला वर्गातले बोलणेच परके वाटते, असा मुलगा मागच्या बाकावरून काय पाहतो, हे या निवेदनातून कळणे शक्य नाही. शिवाय शिक्षकाचे अंतरंग येथे बंदच राहते. निवेदनाच्या निवडीचा तो अटळ परिणाम आहे आणि तो कलात्मक दोष नव्हे. पण नवशिक्षकाला ही कादंबरी आपण कसे दिसतो ते सांगते, आपण काय करावे ते सांगत नाही.

‘दहावी फ’ : तुकडी हेच व्यवस्थापन

‘दहावी फ’ या चित्रपटाने वर्गव्यवस्थापनाचा प्रश्न शिक्षकाच्या हातून काढून शाळेच्या रचनेपाशी नेला, हे त्याचे सर्वांत मोलाचे काम होय. गुणांनुसार तुकड्या पाडण्याची पद्धत आपल्याकडे इतकी रूढ आहे की ती कोणाला निर्णय वाटतच नाही. हुशार मुले ‘अ’ मध्ये, उरलेली क्रमाक्रमाने खाली. चित्रपटातील ‘फ’ तुकडी ही अशी उरलेल्यांची तुकडी आहे. अवहेलना असह्य झालेली ही मुले शाळेच्या प्रयोगशाळेची मोडतोड करतात. अतुल कुलकर्णी यांनी साकारलेले देशमुख सर या मुलांना केवळ क्षमा करीत नाहीत आणि केवळ शिक्षाही करीत नाहीत. झालेले नुकसान स्वतःच्या श्रमाने भरून देण्याच्या वाटेवर ते त्यांना आणतात.

शिक्षेच्या विचारात हा भेद कळीचा आहे. शिक्षा सोसली की अपराध फिटला, असे मुलाला वाटते. नुकसान भरून द्यावे लागले की कृतीचा परिणाम त्याच्या हाताला कळतो आणि तो भरून काढण्याची आपली ताकदही कळते. ज्या मुलांना ‘तुमच्याकडून काही होणार नाही’ एवढेच वर्षानुवर्षे ऐकवले गेले, त्यांच्या बाबतीत हा दुसरा अनुभव अधिक मोलाचा असतो. नवशिक्षकाला अवघड वर्ग मिळतो तेव्हा तो वर्ग अवघड कसा बनला, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे, असे हा चित्रपट ठामपणे सांगतो. आपल्या अनेक शाळांत सर्वांत खालची तुकडी सर्वांत नव्या शिक्षकाला देण्याची रीत आहे. ज्येष्ठांना ‘अ’, नवख्याला उरलेली. मग वर्षअखेरीस त्या नवख्याचे ‘नियंत्रण नाही’ असा शेरा पडतो. हा शेरा खरे तर वेळापत्रक आखणाऱ्यावर पडला पाहिजे.

चित्रपटाविषयीचा आक्षेप वेगळा आहे. त्यात बदल घडतो तो एका असाधारण शिक्षकामुळे. त्याची तळमळ, त्याचा वेळ, त्याचे धैर्य सामान्य शिक्षकाकडून अपेक्षिता येणार नाही. आणि निर्णायक प्रसंग बहुतांशी नेहमीच्या तासाबाहेर घडतात. मंगळवारच्या चौथ्या तासाला, जेवणाच्या सुटीनंतर, भूमितीचे प्रमेय शिकवताना देशमुख सर काय करतात, हे पाहण्याची उत्सुकता अपुरीच राहते.

तिन्ही कलाकृतींतील समान रिकामी जागा

येथे तिन्ही कलाकृतींचे एक साम्य ध्यानात येते. तिन्हींमध्ये संकट आहे आणि संकटातून झालेले दर्शन आहे. नित्यक्रम मात्र जवळजवळ कोठेच नाही. कलेला प्रसंग लागतो, आणि चांगल्या वर्गव्यवस्थापनाचे लक्षण तर प्रसंगच न घडणे हे आहे. म्हणून चांगला वर्ग कथेत येत नाही. कथेत येतो तो बिघडलेला वर्ग किंवा बिघडलेल्याचा सुधारलेला वर्ग.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेकब कूनिन यांच्या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाचा उल्लेख येथे उपयुक्त ठरेल. प्रत्यक्ष वर्गांच्या चित्रफिती तपासून त्यांनी एक अनपेक्षित निष्कर्ष मांडला. गैरवर्तन घडल्यानंतर शिक्षक काय करतो, यावरून यशस्वी आणि अयशस्वी शिक्षक वेगळे करता येत नव्हते. फरक होता तो गैरवर्तन घडण्यापूर्वीच्या वागण्यात. यशस्वी शिक्षकाचे लक्ष संपूर्ण वर्गावर असते आणि मुलांनाही ते जाणवत असते. त्याला आपण ‘वर्गभान’ म्हणू. तो एका मुलाची वही पाहत असताना दुसऱ्या कोपऱ्यातील हालचाल टिपतो, एका कामातून दुसऱ्या कामात जाताना वेळ सांडू देत नाही, आणि एकाला प्रश्न विचारला तरी उत्तर शोधण्याचे काम साऱ्यांना लावतो. कूनिन यांचे हे वर्ग प्राथमिक होते आणि परदेशातील होते, हे विसरता येत नाही. तरी ‘आधी’ आणि ‘नंतर’ हा त्यांनी दाखविलेला भेद आपल्याही वर्गांना लागू पडतो. आपली सारी चर्चा ‘नंतर’भोवती फिरते : काय शिक्षा करावी, कोणाला बोलवावे, वर्गाबाहेर उभे करावे की नाही. आपल्या कलाकृतीही ‘नंतर’च्याच आहेत.

कन्नड परिसरातील वर्ग

सातमाळ्याच्या डोंगररांगेत पसरलेल्या कन्नड तालुक्यातील माध्यमिक वर्ग या विवेचनाला आणखी काही बाजू जोडतो. पिशोर, नाचनवेल, चिकलठाण, करंजखेड या बाजूची मुले आणि घाटाखाली खानदेशाला लागून असलेल्या नागदकडील मुले यांची बोली एक नाही. तांड्यावरच्या घरात गोरमाटी बोलली जाते, घाटाखाली अहिराणीचा कानोसा लागतो, शहरातील अनेक घरांत दखनी उर्दू. नवशिक्षकाच्या प्रमाण मराठीतील सूचना या मुलाला कळतात, पण चालू घडीला नव्हे, एक क्षण उशिरा. तो क्षण शिक्षकाला ‘दुर्लक्ष’ वाटतो. दोनदा ओरडा बसला की मूल खरोखरच दुर्लक्ष करू लागते. बोलण्यातील अडचण अशा रीतीने वर्तनातील दोष म्हणून नोंदली जाते. ‘शाळा’च्या निवेदकाला हा अनुभव नाही, हे मागे म्हटले ते याच अर्थाने.

दुसरी बाब एसटीची. गावोगावची मुले बसने येतात. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास असल्याने त्यांचे शिक्षण टिकले, हे खरे. पण बस उशिरा आली की पहिला तास अर्धा होतो, आणि शेवटच्या तासाला बस सुटण्याच्या चिंतेने पाय दाराकडे वळतात. हा बेशिस्तीचा प्रश्न नसून वेळापत्रकाचा आहे. उशिरा येणाऱ्याने कोठे बसावे, काय उघडावे आणि शेजाऱ्याने त्याला काय सांगावे, एवढे तीन नियम जूनमध्येच बसवले तर वर्षभराची रोजची दहा मिनिटे वाचतात. हेच ते ‘आधी’चे काम.

तिसरी बाब शिक्षेची. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली. हा कायदा सहा ते चौदा वयोगटाचा आहे. म्हणून नववी-दहावीत हात उचलण्यास मोकळीक आहे, असा अर्थ कोणी काढील तर तो कायद्याचाही आणि शिक्षणाचाही विपर्यास होईल. प्रत्यक्षात छडी पुष्कळ ठिकाणी गेली, पण तिची जागा उपरोधाने घेतली. आडनावावरून, गावावरून, बापाच्या धंद्यावरून मारलेला टोमणा वर्गाला हसवतो आणि हसणारा वर्ग शिक्षकाला आपल्या ताब्यात आल्यासारखा वाटतो. छडीचा वळ निदान दिसत तरी होता. कलम १७ मधील ‘मानसिक छळ’ हे शब्द म्हणून नवशिक्षकाने अधिक काळजीपूर्वक वाचले पाहिजेत.

यात भर पडते ती नेमणुकीच्या स्वरूपाची. २००० साली सुरू झालेल्या शिक्षण सेवक योजनेने नवशिक्षकाची पहिली तीन वर्षे मानधनावर आणि वरिष्ठांच्या अभिप्रायावर टांगती ठेवली. व्हरांड्यातून फेरी मारणाऱ्या मुख्याध्यापकाला वर्गातील शिकणे ऐकू येत नाही, आवाज तेवढा ऐकू येतो. गटचर्चेचा आवाज आणि गोंधळाचा आवाज दारापाशी सारखाच वाटतो. मग नवशिक्षक सुरक्षित मार्ग निवडतो : फळ्यावर उत्तरे लिहायची आणि मुलांनी ती उतरवून घ्यायची. वर्ग शांत, अभिप्राय चांगला, शिकणे शून्य. शांत वर्ग आणि शिकणारा वर्ग यांतील अंतर या व्यवस्थेतच पेरलेले आहे.

समारोप

वरील विवेचनातून काही निष्कर्ष हाती येतात. ‘दिवास्वप्न’ सांगते की शिकवण्याजोगे काही असल्याशिवाय शांतता मागू नये. ‘शाळा’ सांगते की आपण पाहण्यापूर्वी वर्गाने आपल्याला पाहिलेले असते. ‘दहावी फ’ सांगते की अवघड वर्ग जन्माला येत नाही, तो रचनेतून बनविला जातो. तिन्ही कलाकृती अध्यापक महाविद्यालयांत आणि मराठीच्या वर्गांतही चिकित्सकपणे वाचल्या व पाहिल्या जाव्यात. परंतु त्यांना मार्गदर्शिका मानू नये. रोजच्या तासाचा नित्यक्रम त्यांच्यात नाही आणि तो अन्यत्रच शिकावा लागेल.

तो शिकण्याची जागा म्हणजे शेजारच्या अनुभवी शिक्षकाचा वर्ग. नवशिक्षकाला पहिल्या वर्षी आठवड्यातून एक तास मोकळा ठेवून ज्येष्ठ सहकाऱ्याच्या वर्गात मागे बसू द्यावे, आणि ज्येष्ठानेही त्याच्या वर्गात शेरा न लिहिता बसावे. याला शासननिर्णयाची गरज नाही, मुख्याध्यापकाच्या पेन्सिलीने होण्याजोगे हे काम आहे. सर्वांत खालची तुकडी सर्वांत नव्या शिक्षकाला न देणे हेही त्याच पेन्सिलीचे काम. महाविद्यालयांनीही आपल्या माजी विद्यार्थी-शिक्षकांना वर्षातून एकदा बोलावून त्यांच्या वर्गांविषयी ऐकावे. आपण त्यांना विषय शिकविला. तो विषय साठ मुलांपर्यंत पोहोचताना कोठे अडतो, हे त्यांच्याशिवाय आपल्याला दुसरे कोणी सांगू शकणार नाही.